वर आलेले मासे

१८ नोव्हेंबर

बारक्या,

खुशाली शेवटी, आधी भांडण. परवा दुपारी तुझा टँकर आला. ना विचारणं, ना सांगणं. ड्रायव्हर कागद पुढे करून म्हणतो, "सोळा हजार बोटुकली आहेत, सही करा." मी म्हटलं, अहो, आमच्या चार तळ्यांत मिळून आम्ही आठ हजार सोडतो. आज बोटाएवढं आहे ते पिल्लू उन्हाळ्यापर्यंत हातभर होतं, त्याला जागा लागते. तो म्हणाला, "मला कशाला सांगता? साहेबांना सांगा." साहेब म्हणजे तू! ज्याचं नाक मी पुसलं तो साहेब!

ऊन डोक्यावर आलेलं आणि टँकरमधली पिल्लं तडफडायला लागलेली. परत धाडली असती तर वाटेतच निम्मी गेली असती. हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तू आधी कळवलं नाहीस. सोडली मी सगळी. काय करणार? एकेका तळ्यात दोन हजारांच्या जागी चार हजार. काका शेजारी उभे होते. म्हणाले, "तुमचा बाबा असता तर त्या टँकरवाल्याला टँकरसकट तळ्यात घातला असता." मला तेवढंही जमलं नाही.

आणि पाचव्या तळ्याबद्दल निरोप दिलास म्हणे, "रिकामं का ठेवलंय, भरून टाका." भरणार नाही. दरवर्षी एक तळं कोरडं ठेवायचं, त्याच्या गाळाला ऊन दाखवायचं, गाळ तडकला की नांगरायचा, हे बाबांनी चाळीस वर्षं केलं आणि त्यांच्यामागे मी करते आहे. त्यामुळे आपल्या माशाला रोग नाही आणि औषधही नाही. तू पाकिटावर "औषधाविना वाढवलेला मासा" असं ठळक छापतोस ना, ते त्या कोरड्या तळ्याच्या जिवावर छापतोस. शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

फोन मी बंद करून कपाटात टाकला आहे. फोनवर तू "ताई, ऐक ना गं" म्हणतोस आणि मी ऐकते. पन्नाशी उलटली तरी ऐकते. त्यापेक्षा कागद बरा. बर्फाची गाडी एक दिवसाआड शहरात जाते, बर्फवाला पत्र तुझ्या ऑफिसात टाकेल आणि उत्तर घेऊन येईल. लिहिलेलं राहतं. नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" व्हायला नको.

तळी तुझ्या नावावर आहेत, घरही. बाबांनी केलं आणि मीच हक्क सोडल्याची सही दिली. पण रोज पाण्यात उतरते ती मी. यापुढे टँकर पाठवायच्या आधी मला विचारायचं.

काका बरे आहेत. माझी दाढ ठणकते आहे, म्हणजे मीही बरी आहे.

ताई


२ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार,

ऑफिसचा कागद बघून रागावू नकोस, हाताशी हाच होता. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा घाबरून आणि एकदा हसून. टँकरसकट तळ्यात, काय!

ताई, तुझं खरं आहे, विचारायला हवं होतं. पण इथलं गणित तुला कळत नाही. मोठमोठ्या दुकानांना दर आठवड्याला मासा लागतो. "आमच्याकडे एवढाच आहे" म्हटलं की ते दुसऱ्याकडे वळतात, आणि वळलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. आपल्याएवढ्या तळ्यात लोक दहा-दहा हजार कोंबतात. मी फक्त दुप्पट केलं. त्यांच्या मानाने मी संतच म्हणायचा.

आता महत्त्वाचं. आपल्याला जो हिरवा शिक्का मिळालाय, "पाण्याची आणि माशांची काळजी घेऊन वाढवलेला मासा" असा, त्याची फेरतपासणी वीस एप्रिलला आहे. तपासनीस येईल, पाणी मोजेल, फॉर्म भरेल. फॉर्मवर तळी राखणाऱ्या माणसाची सही लागते, मालकाची चालत नाही. म्हणजे तुझी. "एका तळ्यात मासे किती" असा रकाना आहे, तिथे दोन हजार लिही. हे काही खोटं नाही गं, दरवर्षी आपण तेवढेच तर ठेवतो. या वर्षापुरतं जरा इकडेतिकडे. शिक्का गेला तर आपला मासा आणि बाजारातला मासा यात फरक काय राहिला? मग मला तळी ठेवणंच परवडणार नाही, विकावी लागतील. घाबरवत नाही, नुसतं सांगतोय.

आणि एक काम. तळ्यातल्या माशांची एखादी छोटी फिल्म काढून पाठव. जाहिरातीला हवी आहे. तू फोन कोंडून ठेवला असशील तर बर्फवाल्याला सांग.

तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. दाढेला लवंग लाव.

तुझा,
बारक्या


४ मार्च

बारक्या,

आज पहाटे बर्फवाल्याच्या फोनवर तिसऱ्या तळ्याची फिल्म काढली आहे. तो तुला दाखवेल. बघ आणि मासा विरळ करायची परवानगी लगेच दे. याहून जास्त लिहीत नाही. बाबांच्या मुलाला लिहून सांगायची गरज नाही.

ताई


९ मार्च

ताई, ताई, ताई!

काय फिल्म काढलीस! बर्फवाल्याने फोन पुढे केला आणि मी खुर्चीतून उठलोच. सगळं तळं माशांनी भरलेलं, जिकडेतिकडे तोंडंच तोंडं, पाण्याबाहेर, आ वासून. पहाटेचा उजेड काय, पाण्यावरची वाफ काय! ऑफिसातली झाडून सगळी माणसं गोळा झाली. आमची जाहिरातवाली म्हणाली, इतके आनंदी मासे मी जन्मात बघितले नाहीत. आता ती फिल्म सगळीकडे लागणार. खाली ओळ टाकलीय : "आमचे मासे तुमची वाट बघतायत."

आणि तू म्हणे जागा पुरत नाही! कसे फोफावलेत बघ. विरळ वगैरे आता करू नकोस, मेपर्यंत वजन धरू देत. फक्त एक जाणवलं, भुकेले आहेत गं. एवढी तोंडं उघडी म्हणजे खाद्य कमी पडतंय. बाबांसारखा हात आखडता घेऊ नकोस. बारा पोती जास्तीची पाठवतोय. जाहिरातवाली पुढच्या आठवड्यात चांगला कॅमेरा घेऊन येईल, तिला मासे असेच वर आलेले दाखव.

बर्फवाला म्हणाला गाल सुजलाय तुझा. काढून टाक ती दाढ एकदाची. दुखणं अंगावर काढायची सवय वाईट.

बारक्या


१९ मार्च

बारक्या,

आनंदी?

अरे गाढवा, मरत होते ते! मरत होते आणि तू खाली ओळ टाकलीस!

आता तुला पहिलीपासून शिकवते, कारण तू सगळं धुऊन प्यायला आहेस. दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ पाण्याला प्राणवायू देतं. अंधार पडला की तेच शेवाळ तो परत ओढून घेतं. तळ्यात गर्दी नसली तर सकाळपर्यंत सगळ्यांना पुरतं. गर्दी झाली की पहाटेच्या आतच पाण्यातला श्वास संपतो. मग मासा वर येतो आणि तोंड बाहेर काढून हवा गिळतो. त्याला खायला नको असतं रे, त्याला श्वास हवा असतो! अशा वेळी खाद्य टाकलं तर मासा ते खात नाही, ते तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजताना उरलासुरला श्वासही खातं. हे तुला पाच वर्षांचा असताना माहीत होतं. "बाबा, वर आले, वर आले" असं बोंबलत तूच घरात धावायचास आणि बाबा चपला न घालता पाण्यात उड्या टाकून काठीने तळं ढवळायचे. कुठे गेलं ते सगळं? कुठल्या कॉलेजात विकून आलास?

चूक माझीही आहे. मी फिल्मसोबत चार शब्द लिहायला हवे होते. मला वाटलं, या घरातल्या माणसाला हे समजावणं म्हणजे आईला "मूल रडतंय" अशी चिठ्ठी लिहिणं. माझ्या अकलेचं दिवाळं.

बर्फाची गाडी आठवडाभर नादुरुस्त होती, त्यामुळे तुझं पत्र माझ्या हातात पडलं ते काल. सोळा तारखेला मी दाढ काढायला गेले होते. डॉक्टर म्हणाला पू झालाय, दोन दिवस हलायचं नाही. जाताना काकांना सांगून गेले, खाद्य बंद ठेवा, पहाटे पाण्यात हवा घुसळणारी चाकं लावून पाणी फिरवा. काल परत आले. गाडीतून उतरले तर वास रस्त्यापर्यंत आलेला.

तिसरं तळं गेलं. एकूण एक मासा. पोट वर करून, बांधापासून बांधापर्यंत, पाय ठेवायला पाणी दिसेना. हातभर झाले होते रे. शेजारचा तळेवाला सांगतो, तुझी जाहिरातवाली सतराला आली होती. मासे दिवसा वर येईनात म्हणून तिने बरोबर आणलेली तुझी ती पोती फोडून दुपारी याच तळ्यात ओतली आणि संध्याकाळी पुन्हा ओतली. अठराच्या पहाटे चाकं फिरत असूनही मासे आले वर. तिला पाहिजे तशी फिल्म मिळाली असेल! काकांना विचारते आहे, तुम्ही काय करत होतात, तर ते बोलत नाहीत. नुसते रडतात. सत्तर वर्षांचा माणूस ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडतो आहे आणि माझा जबडा असा सुजलाय की मला धड ओरडताही येत नाही.

आज दिवसभर आम्ही दोघं जाळ्याने मेलेले मासे ओढतो आहोत. पाचव्या तळ्यात खड्डा घेतला आहे. बरं झालं ते भरलं नव्हतं.

उरलेल्या तीन तळ्यांत बारा हजार आहेत. निम्मे तरी काढायला हवेत. मी कशाकशाला परवानगी मागत बसू? उलट टपाली "हो" लिही.

ताई


२६ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. मनापासून सांगतो, फार वाईट झालं.

पण ताई, त्या बाईने माझ्याशी न बोलता हा उद्योग केला. मी तिला नुसतं "फिल्म काढून ये" म्हटलं होतं. कॅमेरा धरणाऱ्या बाईला तळ्यातलं काय कळतं? मी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. यापेक्षा जास्त मी काय करू?

आता डोकं शांत ठेव. एक तळं गेलं, तीन आहेत. आत्ता मासे काढले तर अर्ध्या वजनाचे, कोणी विचारणार नाही. मेपर्यंत थांब. चाकं फिरव, खाद्य तुला वाटेल तेवढंच घाल, मी त्यात पडत नाही. पण वीस एप्रिलपर्यंत या गोष्टीचा ब्र काढू नकोस. खड्डा नीट बुजव. तपासनीस दुपारी येतो, दुपारी पाणी चांगलंच असतं, तूच लिहिलंयस. तो मोजेल, तू सही करशील, प्रकरण मिटेल.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. बाबांनी तळी माझ्या नावावर केली ती उगाच नाही. त्यांना ठाऊक होतं की धंदा मनावर दगड ठेवून करावा लागतो. तू प्रत्येक माशात जीव अडकवतेस. मला तसं करून चालत नाही. उद्या तळी विकायची वेळ आली तर तू आणि काका कुठे जाणार, याचाही विचार मलाच करायचाय. तू पण कर.

तुझा,
बारक्या


३० मार्च

बारक्या,

काका आज बोलले.

त्यांनी त्या बाईचा हात धरला होता. "खाद्य टाकू नका, मासे मरतील" असं तीनदा सांगितलं. तिने त्यांच्यासमोर तुला फोन लावला. तुझा आवाज काकांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. "काकांना काय कळतंय, जुनी माणसं आहेत, तुम्ही टाका." हे तू म्हणालास. ज्या माणसाने तुला पोहायला शिकवलं त्याला काय कळतंय! म्हाताऱ्याने बारा दिवस हे पोटात ठेवलं, का, तर भावाबहिणीत वितुष्ट नको. आणि तू मला लिहितोस, "माझ्याशी न बोलता केलं." वर त्या बाईची नोकरी खाल्लीस. चोराच्या उलट्या बोंबा! तिला बोलावून आधी तिची माफी माग. तिला माहीत नव्हतं. तुला सांगितलं होतं.

आणि बाबांचं नाव मधे आणू नकोस. तळी तुझ्या नावावर का झाली ते मला विचार. मी तिथे होते. तू म्हणालास, कर्ज काढायला कागद माझ्या नावावर हवा, बाकी तळी ताईचीच. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली म्हणून त्यांनी सही केली. धंदा नाही, दगड नाही. माझी मान हलली, बस्स एवढंच झालं होतं.

सहीचं म्हणतोस ना? करीन. काय लिहून करीन ते तेव्हा कळेल.

ताई


२३ एप्रिल

बारक्या,

तुझ्या माणसांनी तुला सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून लेखी असावं.

तपासनीस वीस तारखेला दुपारी एकला आला. सडपातळ, घामाघूम, हातात पाण्यातला प्राणवायू मोजायच्या मीटरची पेटी. पहिल्या तळ्यात मीटर सोडला. आकडा बघून खूश झाला. "उत्तम आहे हो, आठच्या वर." फॉर्म काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाला, "बाकीचं मी भरतो, तुम्ही सही करा, मला अजून दोन ठिकाणं करायची आहेत."

मी पेन बाजूला ठेवलं. म्हटलं, दुपारी तर गटारसुद्धा चांगलं मोजलं जातं. पाण्याची परीक्षा पहाटे असते. राहा आजच्या दिवस. तो म्हणाला नियमात वेळ लिहिलेली नाही. मी म्हटलं, लिहिलेली नाही ना, मग पहाटेची चालेल. तो हसला. मग मी त्याला पाचव्या तळ्यात नेलं आणि खड्ड्यावरची माती पायाने सारली. तो हसायचा थांबला.

राहिला. काकांच्या खोलीत झोपला. पहाटे मी चाकं बंदच ठेवली होती, तासाभरासाठी. त्याने पहिल्या तळ्यात मीटर सोडला. एकाच्याही खाली. त्याने पेटी ठोकून बघितली, त्याला वाटलं बिघडली. तेवढ्यात मासे वर यायला लागले. आधी पाच-पन्नास, मग सगळे. तीच तुझी फिल्म, फक्त समोर. तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, चाकं लावा हो, चाकं लावा." परका माणूस, पोटासाठी फिरणारा. त्याला कळलं!

मग मी सही केली. एका तळ्यात मासे चार हजार. मेलेले चार हजार. कारण : गर्दी, आणि मालकाच्या सांगण्यावरून टाकलेलं जास्तीचं खाद्य. वेळ पहाटे सव्वापाच. खाली माझी सही, शेजारी काकांची. शिक्का गेला. मला त्याचं वाईट वाटतं. तो शिक्का खऱ्या कामाने मिळाला होता आणि ते काम माझं होतं.

दुसरं. आजूबाजूच्या सगळ्या तळेवाल्यांना मी निरोप धाडला. ज्याच्या तळ्यात जागा आहे त्याने पिंपं घेऊन यावं. काल आणि आज मिळून सहा हजार मासे वाटले. फुकट. वाटेत पिंपातलं पाणी घाण होऊ नये म्हणून उपाशी ठेवून, पहाटेच्या गारव्यात, एकही मरू न देता. तुझी परवानगी घेतली नाही. महिनाभर मागत बसले हीच माझी चूक झाली.

ताई


२९ एप्रिल

ताई,

सख्ख्या बहिणीने असं करावं? दुकानांनी दोन दिवसांत पाठ फिरवली. ती फिल्म लोक आता उलट मलाच दाखवतायत, "हेच का ते आनंदी मासे" म्हणून. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आणि सहा हजार मासे फुकट! कोणाच्या हक्काने? तळी माझी, पिल्लं माझी, खाद्य माझं. तुझं त्यात काय होतं?

मी तळी विकतोय. माणूस बघितलाय, त्याला मासे असलेली चालती तळी हवी आहेत. मे संपायच्या आत घर रिकामं करा. काकांना मी माझ्याकडे ठेवून घेईन. तुझं तू बघ.

यापुढे पत्र लिहू नकोस.


२४ मे

ताई,

हे शेवटचं पत्र आहे आणि ते वकिलाच्या कागदांसोबत येतंय, नीट वाच.

वीस तारखेला मी घेणाऱ्याला घेऊन आलो होतो. तुझ्या तत्त्वज्ञानाप्रमाणे पहाटेच आणलं. म्हटलं, मासे वर येतात तेव्हा बघू दे किती आहेत ते. तिन्ही तळ्यांच्या बांधावरून फिरलो. एक मासा नाही! एक तोंड नाही, एक बुडबुडा नाही. पाणी आपलं आरशासारखं पडलेलं. घेणारा माझ्या तोंडावर हसला. म्हणाला, "चालती तळी म्हणालात, ही तर डबकी आहेत." आणि गाडीत जाऊन बसला.

सहा हजार वाटले असं लिहिलंस ना? खोटारडे! सगळेच वाटलेस. तळ झाडून दिलास. सत्याच्या एवढ्या गप्पा मारणारी तू, आणि शेवटी मला रिकाम्या पाण्यापुढे उभं केलंस.

मला ही पीडा नको. कोणी घेत नाही, आणि पाण्याचा कर मात्र दरवर्षी माझ्या डोक्यावर. तळी, बांध, घर, सगळं तुझ्या नावावर बक्षीसपत्र करून टाकलंय. माझी सही झालीय, तुझी करून कचेरीत नोंदवून घे. राख बसून तुझं पाणी. लखलाभ.


१४ जून

बारक्या,

कागद मिळाले. मी सही केली, कचेरीत नोंद झाली, शिक्का मारलेली प्रत आज हातात आली. ती कपाटात ठेवून मग लिहायला बसले आहे. आधी कागद, मग पत्र, हे मी मुद्दाम केलं. वीस दिवस जाणूनबुजून गप्प बसले.

तळ्यांत सहा हजार मासे आहेत. एकेका तळ्यात दोन हजार, बाबा ठेवायचे तेवढे. तू आलास त्या पहाटेही होते. तुझ्या बुटापासून हातभर खाली होते. अरे, पाण्यात श्वास पुरेसा असला की मासा पहाटे कशाला वर येईल? तो तळाशी आपल्या नादात असतो, दिसत नाही. मरत होते तेव्हा तुला आनंदी दिसले, आणि सुखात होते तेव्हा तू त्यांना मोजलंच नाहीस. दोन्ही वेळा नुसतं वरवर बघितलंस.

परवा पहिलं जाळं टाकलं. एकेक मासा दीड किलोचा. ज्यांना आपण पिंपं भरून दिली ते सगळे ओढायला आले होते. त्या तपासनिसाचंही पत्र आलं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणतो, आणि आता नियमात पहाटेची वेळ घालायला त्याने वर लिहिलं आहे. तुझ्या जाहिरातवालीला मी कळवलं आहे, काम नसेल तर इकडे ये. ती येते म्हणाली.

काका माझ्याशी चार दिवस धड बोलत नाहीत. म्हणतात, "तू लपवलंस. मग त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय?" त्यांचं बरोबर आहे. लपवलं. मला त्याची लाज वाटते आणि तरीही पुन्हा तेच करीन. पण त्यांना एक ठाऊक नाही, ते तुला सांगते आणि मग हे कायमचं संपवते.

त्या पहाटे मी जागी होते. खिडकीतून तुम्ही दोघं दिसलात. तू बारीक झालास असं वाटलं. मी उठून चहाचं आधण ठेवलं, चौघांचं. पदरात शिव्याही तयार ठेवल्या होत्या, भरपूर. म्हटलं, येऊ दे आत, आधी चहा देईन, मग झोडपेन, मग काठी हातात देऊन पाण्यात उतरवीन आणि दाखवीन खाली काय आहे ते. त्या घेणाऱ्यासमोर दाखवलं असतं. तुला ती तळी विकता आली असती आणि मी बोचकं बांधून निघाले असते, कारण तळी तुझी होती आणि खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. दारापासून वीस पावलांवर होतास. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

तू दार वाजवलं नाहीस. एकदा जरी वाजवलं असतंस तरी तुझी तळी आज तुझ्याकडे असती.

आता मागायला येऊ नकोस.

ताई